न चाखता केलेले पंख

कोंबडीचे पंख मी पन्नास वर्षं खाल्ले ते वाट्याला आले म्हणून, आवडले म्हणून नाही. घरात कोंबडी कापली की तंगड्या पुरुषांच्या आणि मुलांच्या पानात जायच्या, छातीचं मांस पाहुण्यांना, आणि चूल सांभाळणारीला पंख, मान आणि उरलेला रस्सा. पंखात मांस ते किती. हाड चोखायचं, भात कालवायचा आणि भांडी घासायला बसायचं. त्यामुळे गेल्या नाताळात माझी नात म्हणाली, "आजी, नुसते पंख आणू, दीड किलो," तेव्हा मला वाटलं, मुंबईत राहून पोरगी खुळी झाली.

पण तो काही तिचा नाद नव्हता. ते पंख बिघडले असते तर माझ्या सुनेचं काम गेलं असतं. आणि काम जायची वेळ तिच्यावर माझ्यामुळे आली होती. हे फक्त मला माहीत होतं.

आम्ही भाट्याला राहतो. रत्नागिरीतून खाडीचा पूल ओलांडला की डाव्या हाताला आत. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. मुलगा मुंबईला नोकरी करतो, नातही शिकून तिकडेच लागली. घरात मी आणि सून, दोघीच. जवळ एका बाईंचा होमस्टे आहे. त्या शाळेतून निवृत्त झाल्या आणि घराच्या चार खोल्या त्यांनी समुद्रावर येणाऱ्या लोकांना द्यायला सुरुवात केली. तिथल्या पाहुण्यांचं जेवण सून घरून करून देते. कोंबडी-वडे, माशाचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, सोलकढी. ती करायची आणि मी शेजारी पाटावर बसायचे.

माझं बसणं रिकामं नव्हतं. आमच्या घरात स्वयंपाक करताना चाखत नाहीत. माझ्या सासूचा नियम. तळहातावर थेंब घेऊनसुद्धा नाही. वर्षातून एकदा शेताच्या राखणदार देवाला कोंबडा द्यायचो, त्याचं जेवण उष्टं चालत नाही, हे सगळ्या गावात आहे. सासूने ते रोजच्या आमटीलाही लावून ठेवलं. तिने मला वास घ्यायला शिकवलं. नात म्हणते, मिठाला वास नसतो. ती सायन्स शिकली आहे, मी चौथी. मिठाला नसेल. पण मीठ कमी पडलेल्या रश्श्याला वास वेगवेगळा येतो, खोबरं एकीकडे, मसाला एकीकडे. मीठ बरोबर पडलं की सगळं मिळून एक येतो. हे मला लग्नानंतर तिसऱ्या वर्षी कळायला लागलं. तोवर सासूच्या शिव्या खाल्ल्या.

सून आली तेव्हा दुसऱ्याच दिवशी तिने तळहातावर आमटी घेऊन चाटली. मी तिच्या हातातून पळी काढून घेतली. म्हटलं, "तुझ्या माहेरी करायचं असलं. इथे नाही." त्याला पंचवीस वर्षं झाली. तिने परत कधी चाखलं नाही, पण वासाचं तिला कधीच जमलं नाही. म्हणून टोप उतरवायच्या आधी ती हाक मारायची, "आई, बघा हो." मी वाकायचे, वास घ्यायचे आणि सांगायचे, "अजून चिमूटभर," नाहीतर "पुरे." या वयात घरात माझं एवढंच काम उरलं होतं आणि ते मला आवडायचं.

गेल्या वर्षी गणपती गेले आणि मला ताप आला. चार दिवसांनी उतरला. नंतर एका सकाळी सून सुके बांगडे भाजत होती. सुका बांगडा विस्तवावर पडला की तीन घरांपलीकडच्या मांजराला कळतं. मी चार हात अंतरावर बसून तांदूळ निवडत होते. मला काही कळलं नाही. धूर दिसला म्हणून मान वर केली. सून दुसरीकडे गेली तशी मी उठले, हिंगाची डबी उघडली आणि नाक आत घातलं. शिंका आल्या. वास आला नाही. मग लसूण ठेचून बघितला, रॉकेलच्या जुन्या डब्याचं झाकण काढून बघितलं. काही नाही.

सुनेला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला हाक कोण मारणार होतं?

मग मी अंदाजाने चालवलं. रश्श्याचा रंग बघायचे, बुडबुडे बघायचे, सुनेने किती मीठ घातलं ते डोळ्याने बघून ठेवायचे आणि टोपावर वाकून "पुरे" नाहीतर "घाल अजून" म्हणायचे. कधी बरोबर यायचं, कधी नाही. जीभ माझी शाबूत होती. गोड, खारट, आंबट, तिखट सगळं कळत होतं. पानावर बसले की पहिल्या घासाला समजायचं की आज खारट झालंय. तोवर डबा होमस्टेला गेलेला असायचा. टोपातलं चमचाभर चाखलं असतं तर वेळेत कळलं असतं, पण चाखायचं नाही हा नियम मीच पंचवीस वर्षं चालवलेला.

सुनेलाही जेवताना कळायचं. एकदा म्हणाली, "आई, मला आज खारट लागतंय."

मी म्हटलं, "तोंड आलंय तुझं."

 दुसऱ्या दिवशी अळणी झालं. ती काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "लक्ष कुठे असतं गो तुझं?"

होमस्टेच्या बाईंनी आधी दोनदा निरोप पाठवला, मग एक दिवस स्वतः आल्या. डिसेंबर लागला होता. त्या अंगणातच उभ्या राहिल्या. सुनेने खुर्ची आणली तरी बसल्या नाहीत.

"ताई, नाताळच्या रविवारी पुण्याची मंडळी येतायत. बारा जण आहेत, सहा पोरं. पोरांना ते ओव्हनमधले पंख हवेत. गोड, तिखट, बोटांना चिकटतात ते. जमेल का?"

"बघते करून," सून म्हणाली.

"बघते नको. होय किंवा नाही सांगा. आणि स्पष्ट बोलते, राग मानू नका. तीन महिने झाले, तुमचा हात एकसारखा राहिला नाही. कधी खारट, कधी अळणी. पाहुण्यांपुढे मला उभं राहावं लागतं. या वेळी परत तसं झालं तर जानेवारीपासून मी दुसरीकडे सांगते."

सून खाली बघत "होय" म्हणाली. मी पडवीत बसून सुपारी कातरत होते. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आजी, तुमचं लक्ष असतं ना?" मी म्हटलं, "असतं की."

त्या गेल्यावर सूनबाई आत आली आणि घासलेलीच कढई परत घासायला लागली. घासता घासता म्हणाली, "एवढी ऑर्डर झाली की मीच सोडते, आई. त्यांनी काढायच्या आधी. माझा हातच गेलाय."

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. मी सुपारी तोंडात टाकली.

नात सुट्टीला आली ती ओव्हन घेऊनच. तिच्या आईने फोनवर सांगितलं होतं. चौकोनी खोका, पुढे काच, आत दिवा. तो आम्ही तांदळाच्या पिंपावर फळी टाकून ठेवला, कारण विजेचं बटण तिथेच होतं. शनिवारी आम्ही मांसाहार करत नाही. ऑर्डर रविवारची. म्हणजे करून बघायचं तर शुक्रवारी, एकदाच.

शुक्रवारी सकाळी नात मला स्कूटरवर बसवून पूल ओलांडून कोंबडीच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदार जुना ओळखीचा.

"नुसते पंख? दीड किलो?" तो म्हणाला. "मग बाकीच्या कोंबड्यांचं मी काय करू, आजी?"

"वीक. पंखांशिवाय कुठे उडून जातात त्या."

"रविवारी किती लागतील?"

नात म्हणाली, "चार किलो."

तो सुरी ठेवून माझ्याकडे बघत राहिला. "घरात लग्न हाय काय?"

"लग्नात पंख वाढतात काय रे मेल्या?" मी म्हटलं. मागे उभी असलेली बाई हसली. त्याने पंख तोलले.

दुपारी सून दळण घेऊन गिरणीवर गेली. तिथे वीज नव्हती, रांग होती. ती लवकर येईना, म्हणून नातीने आणि मी सुरू केलं. पंखाला तीन सांधे असतात. टोकाचा सांधा कापून काढायचा, उरलेले दोन वेगळे करायचे. नात टोकं टाकून द्यायला निघाली होती, ती मी वाटीत ठेवून घेतली. त्यांचा रस्सा चांगला होतो. तुकडे धुऊन फडक्याने कोरडे केले. फोनवर लिहिलं होतं की कोरडे केले नाहीत तर कुरकुरीत होत नाहीत. ते मला पटलं, मासे तळतानाही तसंच असतं. मीठ, मिरपूड आणि थोडं तांदळाचं पीठ चोळलं आणि ओव्हनच्या जाळीवर एकेक सुटा मांडला. खाली ताट ठेवलं, चरबी गळायला.

नात फोन वाचत म्हणाली, "आता सॉस. मध, सोया, व्हिनेगर."

"मध नाही घरात."

"मग गोड काय घालू?"

"गूळ आहे. आणि कोकमाचं सरबत घाल. गोड येईल, आंबट येईल, रंग येईल. तुझ्या बाटल्या कशाला हव्यात?"

तिला ते एकदम आवडलं. म्हणाली, "आजी, हे तर हॉटेलात वेगळ्या नावाने विकतील."

आमच्याकडे फळीवर कोकमाच्या दोन बाटल्या असतात. एकीत सरबत. कोकमाच्या सालींत साखर भरून उन्हात ठेवायची, पाकासारखा दाट रस सुटतो. दुसरीत आगळ. ते मिठात मुरवलेलं असतं, चमचाभर टाकलं तर टोपभर सोलकढीला पुरतं. दोन्ही सारख्याच लाल-काळ्या, दोन्ही एकसारख्या जुन्या बाटल्यांत. एकीवरही चिठ्ठी नाही. चिठ्ठी लावावी असं सून किती वेळा म्हणाली होती. मी म्हणायचे, बूच काढलं की वास येतो, चिठ्ठी कशाला.

मी बूच काढलं, सवयीने नाकाजवळ नेलं आणि बाटली नातीच्या हातात दिली. म्हटलं, "वाटीभर ओत." सरबत बोटाला चिकटतं, आगळ चिकटत नाही. बोट लावून बघितलं असतं तरी समजलं असतं. पण पोरगी बघत होती.

तिने गूळ, ठेचलेला लसूण, आलं, आमचा घरचा मसाला आणि ती वाटी असं सगळं कढईत उकळत ठेवलं. आटत आलं तसं चकाकायला लागलं. पळीवरून तार येत होती.

"आजी, आता वास घेऊन सांग मीठ. मी ऑफिसात सगळ्यांना सांगते, माझी आजी न चाखता मीठ सांगते. कुणाला खरं वाटत नाही."

मी कढईवर वाकले. वाफ तोंडाला लागली. गूळ बराच पडला होता, म्हणून म्हटलं, "अर्धा चमचा घाल."

तिने घातलं.

पंख अर्धा-पाऊण तास भाजले. मधे एकदा उलटले. सोनेरी झाले तसे बाहेर काढून त्या पाकात घोळवले आणि परत आत ठेवले, दहा मिनिटं. काचेतून बघत होतो आम्ही दोघी. पाक पंखांवर फुगून बुडबुडायला लागला, कडेला काळपट व्हायला लागला. तांबडेलाल, चकचकीत. दिसायला चांगले झाले होते हे मी मान्य करते. पंख असे दिसतात हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

तेवढ्यात सून आली, डोक्यावर पिठाचा डबा. घरात शिरताच म्हणाली, "काय वास सुटलाय."

मी म्हटलं, "हो."

तिने हात धुतले. नातीने तीन ताटल्यांत दोन-दोन पंख ठेवले. सूनबाईने एक उचलला. बोटं चिकटली तशी हसली. महिन्याभरात मी तिला हसताना बघितलं नव्हतं. तिने घास घेतला आणि चावायची थांबली.

नात म्हणाली, "मम्मी? कसं झालंय?"

सूनबाईने पंख ताटलीत परत ठेवला. नातीने खाल्लं आणि उठून मोरीत थुंकली. मग मी खाल्लं. समुद्राचं पाणी आटवून गूळ घातल्यासारखं होतं.

"यात काय घातलंत?" सून म्हणाली.

"सरबत," मी म्हटलं.

तिने फळीवरची बाटली काढली, बूच काढून वास घेतला, मग माझ्यापुढे धरली. "आई, हे आगळ आहे."

मी बाटलीकडे बघितलं.

"वास घ्या ना," ती म्हणाली. "वाटीभर आगळ ओतलं पोरीने आणि तुम्हाला वास आला नाही?"

"नाही."

"सर्दी झालीय?"

"नाही. येतच नाही वास. काहीच येत नाही."

"कधीपासून?"

"गणपतीपासून."

ओव्हनचा दिवा चालूच होता. नातीने बटण बंद केलं. सून हिशोब लावल्यासारखी उभी होती. मग सावकाश म्हणाली, "म्हणजे तीन महिने मी तुम्हाला विचारून मीठ घालत होते आणि तुम्ही अंदाजाने सांगत होतात."

"हो."

"मी म्हटलं खारट लागतंय, तर तुम्ही म्हणालात तोंड आलंय."

"म्हणाले."

"मी चार दिवस पेरूची पानं चघळत होते, आई."

मला ते आठवत होतं. मीच तिला झाडावरची कोवळी पानं दाखवली होती.

"बाई अंगणात उभ्या राहून मला बोलून गेल्या. तुम्ही पडवीत होतात. मला वाटलं माझं डोकं ठिकाणावर नाही. सेहेचाळीस वर्षांची मी, मला वाटलं आत्ताच असं झालं तर पुढे काय." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. तिने ताटली उचलली आणि मागच्या दाराने बाहेर जाऊन पायरीवर बसली.

नात माझ्याकडे बघत होती. "आजी, जाऊन सॉरी म्हण ना तिला."

"मी कुणाला सॉरी म्हटलेलं तू ऐकलंयस?"

"नाही."

"मग."

"मग आज म्हण."

मी गेले नाही. मला ते येत नाही आणि खोटं खोटं केलेलं सुनेला कळलं असतं. मी फळीपाशी गेले. एक बाटली घेतली, तळहातावर थेंब ओतला आणि चाटला. आगळ. दुसरी घेतली, चाटली. सरबत. लग्नानंतर चुलीपाशी उभं राहून मी पहिल्यांदा काही चाखलं. काही झालं नाही. छप्पर जागेवर होतं. नातीकडून वहीचा कागद मागितला आणि माझ्या अक्षरात दोन चिठ्ठ्या लिहिल्या. तिने त्या भाताच्या शितांनी चिकटवल्या.

शनिवारी सकाळी मी काठी घेऊन बाईंकडे गेले. एरवी मी कुणाच्या घरी जात नाही. त्या झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होत्या.

"आजी, तुम्ही? बसा. चहा टाकते."

"चहा नको. उभीच बरी आहे. मीठ मी बिघडवलं."

त्यांना समजलं नाही. मी सगळं सांगितलं, नाकाचं, अंदाजाचं, आगळाच्या बाटलीचं. त्यांनी मधे तोंड घातलं नाही. शिक्षिका होत्या तरी.

शेवटी म्हणाल्या, "मग आता मीठ बघणार कोण?"

"सून. तिची जीभ चांगली आहे. तीन महिने तीच खरं सांगत होती."

"आणि ती चाखते का? तुमच्याकडे तर चालत नाही म्हणे."

"आता चाखेल."

बाईंनी पेपर घडी केला. "बरं झालं सांगितलंत. पण आजी, उद्याचं उद्या बघू. पाहुण्यांना तुमच्या नाकाचं सांगता येणार नाही मला."

ते बरोबरच होतं. मी घरी आले. कुठे गेले होते ते सुनेला सांगितलं. ती भाजी चिरत होती. तिने फक्त विचारलं, "काठी घेऊन गेलात ना? तिथे उतार आहे." आदल्या संध्याकाळपासून ती माझ्याशी तेवढंच बोलली.

रविवारी पहाटेपासून सुरुवात केली. चार किलो पंख एका वेळी ओव्हनमध्ये मावत नाहीत, पाच खेपा होणार होत्या. दुकानदाराने स्वतः पोचते केले. लग्नाचं परत विचारलं नाही. नात भाजत होती, मी तुकडे पुसून कोरडे करत होते. सून पाकाच्या कढईपाशी. बाटलीवरची चिठ्ठी वाचूनच तिने सरबत ओतलं. गूळ विरघळला, मसाला पडला, पाक दाट व्हायला लागला. आणि सवयीने ती म्हणाली, "आई, बघा हो."

म्हणाली आणि थांबली.

मी फडकं खाली ठेवलं नाही. "मला काय विचारतेस? चाख."

तिने पळीतून थेंब तळहातावर घेतला. माझ्याकडे बघितलं. मग पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून चाटला, जशी काय माझी सासू दारात उभी आहे. मी म्हटलं, "इकडे तोंड करून चाख. ती मेली कधीच."

नात हसायला लागली. सूनबाई हसली नाही, पण वळली. दुसरा थेंब घेतला.

"आंबट कमी आहे."

"मग घाल."

"आगळ घालते चमचाभर. मीठही त्यातच येईल." तिने घातलं, ढवळलं, परत चाखलं. "आता आहे बरोबर." हे तिने मला सांगितलं नव्हतं, स्वतःलाच सांगितलं होतं.

त्यानंतर दर खेपेला ती एक पंख मोडून बघत होती. शेवटच्या खेपेपर्यंत पाच पंख तिने उभ्यानेच संपवले. एवढी कोंबडी तिने चुलीपाशी उभी राहून आयुष्यात खाल्ली नसेल. मी काही बोलले नाही. मला बोलावंसं वाटत होतं, हेही खरं.

बारा वाजता नात स्कूटरवर डबे पोचवून आली. मग काही काम नव्हतं. सून ओटा पुसत होती, पुसलेलाच परत पुसत होती. अडीचच्या सुमारास बाईंचा फोन आला. तिने तो कानाला लावला आणि बराच वेळ नुसतं "हं, हं" करत राहिली. मग विचारलं, "मीठ कसं होतं?" पलीकडे काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. सून म्हणाली, "होय, जानेवारीत आहे मी. नाही, कुठे जात नाही. किती माणसं?" आणि नातीला खुणेने पेन मागितलं.

नंतर नात मला शहरात नाकाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्याने नाकात दिवा घालून बघितलं आणि म्हणाला, येईल कदाचित, कदाचित नाही येणार. रोज लवंग, लिंबू असं हुंगत जा म्हणाला. मी हुंगते. अजून काही आलेलं नाही. पंखांची ऑर्डर आता महिन्यातून दोनदा तरी असते, आणि टोकांचा रस्सा मी दुसऱ्या दिवशी करते, चाखून.

पण मी त्या रविवारचं सांगत होते. फोन ठेवल्यावर आम्ही जेवायला बसलो. डब्यांत भरून चार पंख उरले होते. सुनेने नातीला दोन वाढले, मला एक, स्वतःला एक. मला त्यातला जास्त मांसाचा सांधा आला होता, हे मी बघितलं. बोटांना चिकटत होता. गोड लागला, मग आंबट, मग तिखट. त्याच्यापुढे काही लागलं नाही, पण एवढं लागलं.

सून बघत होती. म्हणाली, "कसं झालंय, आई?"

"मीठ थोडं कमी आहे," मी म्हटलं. मला तसं वाटलं म्हणून सांगितलं.

तिने आपल्या पंखाचा घास घेतला. सावकाश चावला.

"नाही कमी," ती म्हणाली.

"मग नसेल," मी म्हटलं आणि हाड चोखायला घेतलं.